बसायचं बटण

आमच्या गेममधल्या सिदूला सगळे मारत होते. खेळून बघायला बोलावलेली कॉलेजची पोरं मारत होती, ऑफिसातली मंडळी मारत होती. हिशेब तपासायला येणाऱ्या बाईंनी गंमत म्हणून कंट्रोलर हातात घेतला, तर त्यांनीही पहिली गोळी सिदूलाच घातली. असं का होतं, हे मला काही केल्या कळत नव्हतं.

मी शिवांजली. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत गेमच्या कथा लिहिते. आमचा गेम बंदुकीचा आहे आणि मोकळ्या मुलखाचा आहे. म्हणजे डोंगर, घाट, वाड्या, शेतं, आणि त्यात खेळणाऱ्यानं वाटेल तिकडं जावं. हे आपलं बोलायला. प्रत्यक्षात नकाशावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके असतात आणि माणूस एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गोळ्या झाडत जातो. मध्येच आम्ही त्याला विचारतो, ह्या गुंडाला मारायचं की सोडायचं? पडद्यावर दोन चौकोन येतात. तो मोठ्या गांभीर्यानं त्यातला एक दाबतो, आणि पुढं दोन्ही रस्ते एकाच गावाला जाऊन मिळतात. खेळणारे काही दुधखुळे नसतात. ‘निवडून फरक काय पडतो?’ असं जवळजवळ प्रत्येक जण लिहून गेला होता.

सिदूला मी ह्या सगळ्यातून बाहेर ठेवला होता. त्याचं कुठलं मिशन नाही, चौकोन नाही, नकाशावर ठिपका नाही. तुम्ही त्याच्या शेताजवळून गेलात की पुरुषभर उंचीच्या ज्वारीतून तो हाका मारत पळत येतो. एक हात वर, दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी धरलेली. तुम्ही थांबलात तर तो तुम्हाला जेवायला बसवतो. भाकरी, सगळ्या भाज्या-डाळींची मिळून केलेली भज्जी, गाडग्यातली आंबील. जेवण झालं की ‘या परत’ म्हणतो. बस्स, एवढंच.

हे मी कुठून आणलं ते ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. आमचं गाव तामलवाडी. आमच्याकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, घरादाराला कुलूप लागतं आणि सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि वाटेनं जो कोणी दिसेल त्याला जेवायला ओढून आणायचं. माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, ह्या ओढून आणण्याचं वेड होतं. नाव बब्रुवान. सोलापूरच्या रस्त्यावर मोटरसायकल दिसली की ते ज्वारीतून असेच पळत सुटायचे, एक हात वर करून. माणूस घाबरून गाडी थांबवायचा आणि तासाभरानं पोटावर हात फिरवत जायचा. नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचं पळणं मी सिदूला दिलं, कारण ते दुसरीकडं कुठं ठेवावं हे मला सुचलं नाही.

“हा माणूस नेमका करतो काय?” आमच्या कृष्णराज सरांनी विचारलं. गेममध्ये काय राहणार आणि काय जाणार हे तेच ठरवतात.

“जेवायला बोलावतो.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“शिवांजली, बंदूक हातात असताना पिकातून कोणी ओरडत अंगावर आला, तर लोक गोळीच घालणार. एक तर त्याच्या हातात कोयता दे, म्हणजे मारण्याला काही अर्थ येईल. नाहीतर काढून टाक. सोमवारी शेवटचं बघू.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या नानांच्या हातात कोयता! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी ‘बरं सर’ म्हणाले. तोंडावर बोलायची हिंमत असती तर कथा कशाला लिहीत बसले असते?

येळवस त्याच आठवड्यात आली. मी ऑफिसचा लॅपटॉप पिशवीत घातला आणि गावाकडं आले. मला एकच बघायचं होतं. पुण्याच्या पोरांना सिदू कळत नाही, ठीक. ज्यांना आयुष्यभर असं शेताशेतातून हाका मारून बोलावलंय, त्या माणसांना तरी तो कळतो का? एक जण जरी थांबला, तरी सोमवारी भांडायला माझ्याकडं काहीतरी असणार होतं.

शेतात पूजा झाली, पिकाला आंबील शिंपडून झाली, पहिली पंगत उठली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकून मी खाली सावली केली आणि लॅपटॉप मांडला. माझा चुलतभाऊ अमरसिंह पोलीस भरतीची तयारी करतो आणि उरलेला वेळ मोबाईलवर बंदुका चालवतो. तो लगेच पुढं झाला. मी त्याला मागं सारलं. त्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं.

“तात्या, तुम्ही बसा,” मी म्हणाले.

तात्या म्हणजे हिंमतराव, नानांचे थोरले भाऊ आणि अमरसिंहचे वडील. गावात त्यांच्या आवाजाला सगळे वचकून असतात. ते मांडी घालून बसले, कंट्रोलर उलटा धरला, अमरसिंहनं तो सुलटा करून दिला.

पहिल्या काही मिनिटांत ते चार वेळा मेले. कारण ते बांध सोडायलाच तयार नव्हते.

“तात्या, आवो पिकात घुसा की! दिसताय तुमी तितं,” अमरसिंह ओरडला.

“हुब्या पिकातून जायचं व्हय? कुणाची हाय ती ज्वारी?”

“कुणाची बी न्हाय. गेम हाय तो.”

“पेरल्याबिगर आली व्हय?”

मी हसले. हसताहसता मनात नोंदही केली, की हा माणूस प्रत्येक पावलाला काहीतरी निवडतोय आणि आमच्या गेमला त्याचा पत्ताही नाही. आम्ही चौकोन मांडून विचारू तेवढंच ते निवडणं, अशी आमची समजूत.

हळूहळू तात्यांचा हात बसला. दोन गुंड पडले, मग तिसरा. तात्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. “आरं, आला बग, आला बग!” म्हणत ते पुढं सरकले. त्यांना मजा येत होती, आणि मला ते बघायला आवडत होतं. ओढ्याच्या पलीकडं सिदूचं शेत आलं. मी श्वास रोखून बसले.

ज्वारी हलली. हाका ऐकू आल्या. सिदू पळत बाहेर आला, एक हात वर.

तात्यांनी गोळी घातली.

सिदू पडला. तात्या चालत त्याच्याजवळ गेले आणि पडद्याकडं वाकून बघायला लागले.

“ह्याची बंदूक कुठंय?”

“नाही त्याच्याकडं,” मी म्हणाले.

“मंग पळत कशापायी आला?”

उत्तर माझ्या मागून आलं. आई ताटं घ्यायला आली होती आणि केव्हाची उभी होती कोण जाणे.

“जेवाय बोलवाय,” आई म्हणाली. “आसं एक हात वर करून कोण पळतं, ते तुमास्नी ठाव न्हाय व्हय, भावजी?”

तात्यांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. ज्या एका माणसाकडून मला आशा होती, त्यानंच सख्ख्या भावाला मारलं होतं, आणि ते त्याला आता कळत होतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

अमरसिंहनं बापाचा चेहरा बघून घाईघाईनं सांगितलं, “आवो तात्या, काय झालं न्हाय. सेव्ह हाय की. हे बटण दाबा, मागं जावा, जित्ता व्हतोय.”

“आन् म्या मारलं ते?”

“ते मंग झालंच न्हाय.”

“झालं की,” तात्या म्हणाले. “ह्या हातानं झालं. समद्यांनी बगितलं.” त्यांनी ते बटण दाबलं नाही. उलट विचारलं, “ह्याचं घर कुठंय?”

घर होतं. ओढ्याकाठी एक खोली, दारात सिदूची बायको. ती मी लिहिली होती खरी, पण शोभेपुरती. तात्यांनी बंदूक खाली करायचं बटण विचारून घेतलं आणि बांधाबांधानं तिथवर गेले. मध्ये कोणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. ते तिच्यापुढं उभे राहिले.

“यंदा पाऊस बरा झाला,” सिदूची बायको म्हणाली.

तात्या थांबले. पुन्हा जवळ गेले.

“वाटेत चोर आहेत, जपून जा बाबा,” ती म्हणाली.

“कुणी लिवलं हे?” तात्यांचा आवाज चढला.

“मी.”

“लाज वाटत न्हाय? नवरा मारला म्या हिचा, आन् ही मलाच म्हणती चोरापासनं जपून जा? माणूस हाय का कोण हाय ही?”

खरंच लाज वाटली. चारशे पानं लिहून झाली होती माझी ह्या गेमसाठी. कुठल्या टोळीचा म्होरक्या कोणावर सूड उगवतो हे मी झोपेतही सांगितलं असतं. ही बाई नवरा मेल्यावर काय करेल, हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

“अमर, बसायचं बटण कुठलं?” तात्यांनी विचारलं.

“हे दबा धरायचं. हे पालथं पडायचं. हे उडी मारायचं, हे बाँब...”

“दबा नगं मला. बसायचं. हिच्या दारात खाली बसायचं.”

अमरसिंहनं सगळी बटणं दाबून बघितली. त्यांचा नायक दारात उड्या मारत राहिला, पालथा पडत राहिला. सिदूची बायको पाऊस बरा झाल्याचं सांगत राहिली.

“न्हाय तात्या. बसायचं बटण न्हाय ह्यात.”

तात्यांनी कंट्रोलर चादरीवर ठेवला आणि ते विहिरीकडं निघून गेले. दुसऱ्या पंगतीची ताटं आईनं एकटीनंच मांडली.

मी मात्र तिथंच बसून राहिले. वाईट वाटत होतं, आणि त्याच्याखाली काहीतरी वळवळत होतं, ते गप्प बसू देईना. माणूस गेला की त्याच्या दारात जाऊन बसायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून तात्या सिदूच्या घरी गेले, कबूल. पण बाकीच्यांचं काय? आम्ही एवढ्या लोकांना खेळताना बघितलं, प्रत्येकाचं खेळणं साठवून ठेवलं, आणि दर वेळी गोळी सुटली की पुढचं बघणं सोडून दिलं. गोळीनंतर ते काय करत होते?

मी बांधावर जाऊन मल्लेशला फोन लावला. मल्लेश आमच्याकडं प्रोग्रामिंग करतो. तो सुट्टी असल्याचं सांगायला लागला. मी म्हटलं, फक्त एवढंच बघ, सिदूला मारल्यावर पोरं कुठं गेली.

अर्ध्या तासानं त्याचा उलटा फोन आला. आवाज बदलला होता.

“अगं, बरेच जण घराकडं गेलेत. घराला चक्कर मारलीय. एक जण तर दाराला धडका देतोय नुसता. त्या बाईपुढं उभे राहिलेत, मग मागं जाऊन पुन्हा सुरू केलंय, नाहीतर निघून गेलेत.”

“आणि आपण नोंद काय केलीय?”

“‘खेळणारे इथं रस्ता चुकतात, बाण लावावा.’”

मला हसावं की रडावं कळेना. पुण्याची पोरं, ज्यांनी येळवस ऐकलीही नाही, तीही तिथं घुटमळत होती. आम्ही त्यांना आधी विचारत होतो, मारू की सोडू. त्यांच्या मनात प्रश्न उठत होता तो मारून झाल्यावर. आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही त्यांच्या हातात मागं जाऊन हात धुवायचं बटण देत होतो आणि पुढचा लाल ठिपका दाखवत होतो. म्हणून त्यांना निवडण्याला अर्थ वाटत नव्हता. केलेलं अंगाला लागलंच नाही, तर ते केलं काय आणि न केलं काय!

“मल्लेश, बसता येईल का?”

“म्हणजे?”

“नायकाला. जमिनीवर. मांडी घालून.”

तो कुरकुरला. पण शेकोटीपाशी बसणारे गुंड गेममध्ये होतेच, त्यांचं बसणं उचलून नायकाला लावता येईल असं म्हणाला. सिदू मेला की गेम आपला आपण सेव्ह करायचा, मागं जायची वाट बंद, हेही त्यानं मान्य केलं. “लोक शिव्या घालतील,” तेवढं बजावून सांगितलं.

राहिली सिदूची बायको. तिनं काय बोलावं? मी उभ्याउभ्या चारपाच वाक्यं जुळवली. ‘का मारलंस रे?’ पासून ‘देव तुला बघून घेईल’ पर्यंत. सगळी खोटी वाटली. संध्याकाळी घरी आल्यावर आई चुलीपुढं बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“आई, नाना गेले तेव्हा एवढी माणसं आली. काय काय बोलली तुला?”

आईनं आठवून बघितलं.

“बोलल्यालं काय बी याद न्हाय, बाय. कोण कोण बसलं ते याद हाय.” मग म्हणाली, “त्यो एक ट्रकवाला आल्ता बग. शरणबसप्पा. आळंदकडचा, कानडी मुलखातला. कवा तरी नानानं रस्त्यावरनं जेवाय आणल्याला. त्याला कुणी सांगितलं काय की. भिताडाला टेकून दिवसभर बसला. मराठी धड येत न्हाय त्याला. म्या पाणी दिलं, प्याला, गेला.”

“तुला कसं वाटलं?”

“बरं वाटलं,” आई म्हणाली. “कायतरी बोलला असता तर एवढं वाटलं नसतं.”

मी सगळी वाक्यं खोडली. सिदूच्या बायकोला मी एकही शब्द ठेवला नाही.

सोमवारी सर खेळायला बसले. मल्लेश आणि मी मागं उभे. सिदू ज्वारीतून आला. सरांना तो कोण आहे हे चांगलं माहीत होतं, तरी “बघू काय बदललंय” म्हणून त्यांनी त्याला मारलं. मी डोळे मिटून घेतले.

सरांनी मागं जायचं बटण दाबलं. ते चाललं नाही. पुन्हा दाबलं.

“हे बिघडलंय.”

“नाही सर,” मल्लेश म्हणाला.

“म्हणजे हा आता मेलाच?”

“हो.”

सर वैतागले. पुढच्या ठिपक्याकडं निघाले, ओढ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. मग वळले. घरापाशी आले. सिदूची बायको उंबऱ्यात बसली होती. ती बोलेल म्हणून ते उभे राहिले. ती बोलली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी अक्षरं आली, ‘बसा’. सरांनी बटण दाबलं आणि त्यांचा नायक दारात मांडी घालून बसला.

काहीच झालं नाही. शेजारची दोन माणसं आली, भिंतीला टेकून बसली. सावली थोडी सरकली. ती बाई आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून तिनं नायकापुढं ठेवलं.

“आता काय करायचं?” सरांनी विचारलं.

“काही नाही.”

“उठायचं कधी?”

“तुम्हाला वाटेल तेव्हा.”

मला वाटलं ते लगेच उठतील. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात सोडून पडद्याकडं बघत राहिले. बाहेर कोणीतरी चहा आल्याचं सांगून गेलं. मल्लेशनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. सर उठले तेव्हा चहावर साय धरली होती.

“ठेवू या ह्याला,” ते म्हणाले.

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. सिदू राहिला. कोयता नाही, काही नाही, जसा होता तसा राहिला. मी ‘थँक्यू सर’ म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“पण एक ऐक. त्याला वाचवायची कुठलीही सोय करायची नाही. हातात पांढरं फडकं नको, आधी सूचना नको. तो मेल्याशिवाय त्या दारात कोणी बसणार नाही. काही जण थांबतील, जेवतील, चांगलंच आहे. पण बहुतेक जण मारतील. हजारो लोक, रोज. आणि आपण ते होऊ द्यायचं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुझा माणूस आहे तो. तुला चालेल?”

ते आपलं सहज म्हणाले. त्यांना काय माहीत!

मी गावाहून निघाले होते ती सिदूला वाचवायला. आणि तो वाचणार होता तो असा, रोज मरून. नाना एकदाच गेले होते. आता ते रोज जाणार होते, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांच्या हातून, जेवायला बोलावता बोलावता. आणि त्यांच्यातलं कोणी ना कोणी, कुठल्या कुठल्या शहरात, हातातलं सगळं थांबवून आईच्या दारात येऊन बसणार होतं.

“चालेल,” मी म्हणाले.